अपघातानंतरचं अपंगत्व आणि भोवतालची माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावरच्या किंवा रेल्वेच्या अपघातात हात-पाय गमावलेली, मणक्याला किंवा डोक्याला मार बसलेली माणसं आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझा स्वतःचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही, म्हणून लोक मला विचारतात. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. अपघाताने आलेल्या अपंगत्वाची एक वेगळी गोष्ट असते: गावाने तुम्हाला आधी चालताना-धावताना पाहिलेलं असतं, आणि लोक अजून त्या जुन्या माणसाशी तुलना करत तुमच्याशी बोलत असतात. खालच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ तिथे आहे.

१. अपघाताला महिना झाला. बघायला येणाऱ्यांची रीघ थांबत नाही आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. काय करावं?

सांगण्याचं काम दुसऱ्यावर सोपवा. एखादा मेहुणा, मावसभाऊ, ज्याला लगेच रडू फुटत नाही असा, दारातच दोन वाक्यांत उरकून टाकेल: पाय काढावा लागला, जखम भरतेय, आत गेल्यावर दुसरं काहीतरी बोला. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला न जाणाऱ्याला वर्षानुवर्षं ऐकवतात, त्यामुळे येणारे येणारच. वेळ मात्र बांधून देता येते.

'काही लागलं तर सांगा' असं कुणी म्हणालं की त्याच क्षणी काम सांगा. ड्रेसिंगच्या दिवशी रिक्षा आणायची आहे, पोलीस ठाण्यातून पंचनाम्याची प्रत हवी आहे, धाकट्याला शाळेत सोडायचं आहे. काही जण गळतात. उरतात ते पुढे कायम कामाला येतात.

२. अपंगत्वाचा दाखला कधी काढायचा? आई म्हणते, एवढ्यात शिक्का नको.

आईला भीती वाटते की दाखला काढला म्हणजे पोरगा बरा होणार नाही हे मान्य केलं. दाखल्याने शरीरात काहीच बदलत नाही, तो नसला तर मात्र दारं बंद राहतात. अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर करायचा, तपासणी जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते आणि त्यातून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. ४० टक्क्यांच्या आतलं कार्ड पांढरं, ४० ते ७९ ला पिवळं, ८० आणि पुढे निळं. बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. एसटीच्या भाड्यातली ७५ टक्के सूटही तिथूनच.

हात किंवा पाय काढलेला असेल तर जखम भरली की तपासणी होऊ शकते. मणका, नसा किंवा मेंदूची इजा असेल तर सुधारणेला वाव असतो, म्हणून आधी ठरावीक मुदतीचा दाखला देतात आणि नंतर पुन्हा बोलावतात. ती पुन्हा बोलावण्याची तारीख विसरू नका, मुदत संपली की सवलत त्याच दिवशी थांबते.

३. नसलेला पाय दुखतो, बोटं मुरगळल्यासारखी वाटतात. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. खरं काय?

दुखणं खरं आहे. पाय गेला तरी मेंदूतला त्या पायाचा नकाशा शिल्लक असतो आणि कापलेल्या नसाही संदेश पाठवत राहतात. हात-पाय काढलेल्या बहुसंख्य लोकांना कधी ना कधी हा त्रास होतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही, नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात आणि ती डॉक्टरांनीच द्यायची. आरशाचा एक व्यायामही आहे: शाबूत पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल असा आरसा धरून हालचाल करायची. काहींना त्याने चांगला उतार पडतो, काहींना नाही. फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, आणि घरच्यांना डॉक्टरांच्या समोर बसवून हे एकदा ऐकवा. आपण सांगितलेलं घरात कुणी ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकतात.

४. बसमध्ये, दुकानात अनोळखी माणसं थेट विचारतात, 'कसं झालं हो?' उत्तर द्यायलाच हवं का?

नाही. 'अपघात झाला' एवढं म्हणून खिडकीबाहेर बघितलं तरी पुरतं. त्यापुढे 'अरेरे', 'च्च् च्च्', 'मागच्या जन्मीचं काहीतरी' वगैरे येतं. त्याला उत्तर नसतं आणि शोधूही नये. मी स्वतः समोरच्यालाच विचारतो, तुमचं गाव कोणतं? माणसं स्वतःबद्दल बोलायला लागली की माझा पाय विसरतात.

लहान मुलांचं वेगळं. पोर मोठ्याने विचारतं आणि त्याची आई त्याला चिमटा काढून गप्प करते. त्या चिमट्यातून पोर एवढंच शिकतं की हे वाईट आहे, याबद्दल बोलायचं नसतं. मुलांना सरळ सांगावं: गाडी अंगावर आली, पाय गेला, हा नवा बसवलाय, हात लावून बघायचाय का? दोन मिनिटांत त्यांचं कुतूहल संपतं.

५. माझा मित्र व्हीलचेअरवर आहे. त्याला मदत करायची असते पण चुकतं. नेमकं काय करावं?

आधी विचारा, उत्तर येईपर्यंत थांबा, आणि तो 'नको' म्हणाला तर खरंच करू नका. न विचारता खुर्ची ढकलणं म्हणजे चालत्या माणसाला मागून ढकलणंच आहे. कुबड्या घेऊन चालणाऱ्याचा दंड धरला तर तो पडतो, कारण त्याचा तोल त्याच हातावर असतो. त्याच्या कुबड्या 'अडचण नको' म्हणून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात उभ्या करू नका. जिन्यावरून खुर्ची उचलायची असेल तर कुठे धरायचं ते तोच सांगेल. हँडल आणि पायठेवणी बऱ्याचदा निखळणारी असतात, ती धरून उचललं की हातात येतात.

सहलीचं ठिकाण ठरवताना त्याला न विचारता 'तुला झेपणार नाही' म्हणून वगळू नका. विचारा, तो स्वतः नाही म्हणेल. किंवा येईल.

६. हॉटेलात वेटर बायकोला विचारतो, 'साहेबांना काय हवं?' डॉक्टरही तिच्याशीच बोलतात. मी समोर बसलेला असतो.

हा अनुभव जवळजवळ प्रत्येक व्हीलचेअरवाल्याचा आहे. उपाय बायकोच्या हातात आहे: तिने उत्तर द्यायचं नाही, तुमच्याकडे बघायचं. बस. तिने तुमच्या वतीने उत्तर दिलं, अगदी 'त्यांनाच विचारा' एवढं म्हटलं, तरी बोलणं तिच्याशीच चालू राहतं. दवाखान्यात फाइल तुमच्या मांडीवर ठेवा. फाइल ज्याच्या हातात, डॉक्टर त्याच्याशी बोलतात.

७. मणक्याला मार लागल्यापासून आई मला काहीच करू देत नाही. भरवतेसुद्धा. तिला दुखवायचं नाहीये.

आईची माया आणि तुमचं शरीर यांचा इथे थेट झगडा आहे. ज्या भागात संवेदना नाही तिथे एकाच जागी दाब राहिला की बेडसोर, म्हणजे दाबाने पडणारा व्रण, होतो, आणि तो एकदा खोल गेला की कित्येक महिने अंथरुणात जातात. खुर्चीत बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर भार देऊन किंवा बाजूला झुकून अंग हलवायचं, झोपेत साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. हे दुसऱ्याच्या भरवशावर चालत नाही. लघवीसाठी दर चार ते सहा तासांनी कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालायचा असेल तर तेही स्वतः शिकावं. आईला ते करायला लाज वाटत नाही, तुम्हाला वाटते, आणि त्या लाजेपायी माणसं पाणी प्यायचं कमी करून मूत्रपिंडं खराब करून घेतात.

पुनर्वसन केंद्रात भरती व्हायला मिळालं तर आईला घरी ठेवून जा. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, माजी सैनिकांनी तिथे चौकशी करावी. अशा ठिकाणी आपल्यासारखीच चार पोरं स्वतः खुर्चीतून खाटेवर जाताना दिसतात. आईला पटवायचा सगळ्यात छोटा रस्ता तोच: भेटीच्या दिवशी तिला ते बघू द्या.

८. मी लोकलच्या दारात उभा होतो, गर्दीत पडलो. सगळे म्हणतात, चूक तुझीच. मग भरपाई कशी मागू?

'कशाला लटकलास?' हे विचारणाऱ्याने सकाळी आठची डोंबिवलीहून सुटलेली गाडी पाहिलेली नसते. पण माणसं असं बोलतात त्याला कारण आहे: चूक तुमची ठरली की आपल्यावर ही वेळ येणार नाही, असा त्यांना धीर येतो. आणि त्यांचं ऐकून पुष्कळ जण दावाच करत नाहीत. तो करा.

रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ नुसार प्रवासी चालत्या गाडीतून चुकून पडला तर रेल्वेचा दोष सिद्ध करावा लागत नाही, आणि प्रवाशाचा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायला कारण होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी खटल्यात हे पुन्हा स्पष्ट केलं. खिशात तिकीट सापडलं नाही एवढ्यावरूनही दावा फेटाळता येत नाही असं त्याच निकालात आहे. पास होता हे शपथपत्रावर सांगता येतं. आत्महत्येचा प्रयत्न, नशेत असणं, स्वतःचा गुन्हा, अशा गोष्टी मात्र अपवाद आहेत. रूळ ओलांडताना झालेला अपघात या कलमात बसत नाही. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात एका वर्षाच्या आत करायचा. भरपाईची कमाल रक्कम २०१७ पासून आठ लाख आहे, आणि इजेप्रमाणे ती ठरते.

रस्त्यावर दुसऱ्या वाहनाने धडक दिली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. मुदत कायद्यात सहा महिन्यांची आहे, ती पाळा. आणि स्वतःच्याच दुचाकीवरून घसरून पडलात, समोर कुणी नव्हतं, तर? गाडी तुमच्या नावावर असेल, लायसन्स चालू असेल, तर विम्याच्या कागदावर 'मालक-चालक वैयक्तिक अपघात संरक्षण' असा रकाना शोधा. ते १५ लाखांचं असतं, आणि एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर त्याच्या निम्मी रक्कम मिळते. हा रकाना वाचलेलाच नसतो, त्यामुळे ते पैसे अनेक घरांत तसेच राहून जातात.

९. दाखल्यावर माझं अपंगत्व ५० टक्के आहे. भरपाईही ५० टक्क्यांच्या हिशेबाने मिळणार ना?

तसं गणित नसतं. दाखल्यावरचा आकडा शरीराचा आहे. न्यायाधिकरण बघतं की कमाईची ताकद किती गेली. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही रीत घालून दिली: हात गेलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, तेवढाच हात गेलेला कारकून कदाचित कामावर राहील. म्हणून आपण नेमकं काय काम करत होतो याचा पुरावा दाखल्याइतकाच महत्त्वाचा. मुकादमाची वही, हजेरीपट, दूध संघाची पावती, जे असेल ते जपा. कामावरचा किंवा कामाला जाता-येतानाचा अपघात असेल आणि तुम्ही ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असाल, तर तिथलं वैद्यकीय मंडळ आपली वेगळी टक्केवारी काढतं. तीन कागदांवर तीन आकडे दिसले तर घाबरू नका.

१०. साहेब म्हणतात, 'तुमच्या भल्यासाठीच सांगतो, राजीनामा द्या.' द्यावा का?

सरकारी नोकरी असेल तर अजिबात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. सरकारच्या मालकीची महामंडळंही यात येतात. भल्यासाठी सांगणाऱ्या साहेबांकडून ते लेखी मागा. सहसा लेखी मिळत नाही आणि विषय तिथेच थांबतो.

खासगी कंपनीला हे कलम लागू नाही. तिथे खरी लढाई साध्या गोष्टींची असते: टेबल तळमजल्यावर मिळणं, कमोड असलेलं संडास, कामाच्या शिफ्टची वेळ बदलणं. मागणी लेखी आणि नेमकी करा. 'मला सांभाळून घ्या' असं लिहिलं तर साहेबांना नेमकं काय करायचं ते कळत नाही.

११. सगळे मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देतात. मला मात्र रोज उठायचाही कंटाळा येतो.

पेटकर सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्ण मिळवलं. उदाहरण देणारे इथे थांबतात. पेटकर जखमी होण्याआधीही सैन्यात मुष्टियुद्ध खेळत होते, खेळाडूचं शरीर आणि सवय त्यांच्याकडे होती, मागे सैन्याचे दवाखाने होते. आणि पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. त्याच जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी यांना शाळेत असताना सायकलवरून पडून हाताला इजा झाली. २०२४ मध्ये पॅरिसला त्यांनी गोळाफेकीत रौप्य मिळवलं. दोघंही मोठीच माणसं. पण पदक न मिळवता रेशनच्या रांगेत उभं राहण्याचाही आपल्याला हक्क आहे.

कंटाळ्याबद्दल मात्र एक लक्षात घ्या. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, मरणाचे विचार येतात, असं असेल तर तो कंटाळा नव्हे. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

१२. कृत्रिम पाय घालून देवळात गेलो तर पुजारी म्हणाले, तो बाहेर काढून ठेवा. पंगतीतही अडचण होते.

पाय म्हणजे चप्पल नव्हे. चप्पल काढा, पाय घालूनच आत जा, आणि पुजाऱ्यांना तेवढंच शांतपणे सांगा. जयपूर फूट तर अनवाणी चालता यावं, मांडी घालता यावी, उकिडवं बसता यावं म्हणूनच घडवला गेला; कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तो तयार केला. गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर मात्र मांडी घालणं कठीण जातं. व्हीलचेअरची चाकं ओल्या फडक्याने पुसून घेतली की बऱ्याच ठिकाणी वाद मिटतो.

पंगतीत एकट्यासाठी खुर्ची आली की सगळ्यांच्या नजरा तिकडे. सोपा उपाय: यजमानांना आदल्या दिवशी फोन करून चार खुर्च्या आणि एक टेबल लावायला सांगा. गुडघे दुखणारे काका-मावश्या आपोआप तिथे येऊन बसतात. लग्नाच्या हॉलचं स्टेज ही खरी डोकेदुखी, कारण रॅम्प क्वचितच असतो. नवरा-नवरीने खाली उतरून भेटावं. सांगितलं तर आनंदाने उतरतात.

१३. लग्न ठरलं होतं, अपघातानंतर त्यांनी मोडलं. आता कुणी विचारेल का? आणि संसार जमेल का?

मोडलेल्या लग्नाचं दुःख खोटं नाही, पण 'आता तडजोड करा' म्हणत येणाऱ्या स्थळांची घाई करू नका. मुलींच्या बाबतीत ती घाई जास्त होते आणि बिजवर, दुप्पट वयाचा, असं काहीही चालवून घ्यायला सांगतात. कृत्रिम पाय आहे हे लपवून बघण्याचा कार्यक्रम करणं तर कुणाच्याच फायद्याचं नाही.

शरीरसंबंधांबद्दल विचारायला लोक लाजतात, म्हणून इथेच लिहितो. हात-पाय गेल्याने मूल होण्यावर काहीच परिणाम होत नाही. मणक्याला मार लागलेल्या स्त्रीला मूल होऊ शकतं. गरोदरपणात जास्त देखरेख लागते. पुरुषांमध्ये ताठरता आणि वीर्यपतन यात अडचण येऊ शकते, त्यावर औषधं आणि उपचार आहेत, गरज पडली तर वीर्य काढून गर्भधारणेसाठी वापरता येतं. यूरॉलॉजिस्टला विचारा. जोडीदाराला बरोबर न्या.

१४. माझ्या नवऱ्याच्या डोक्याला मार लागला होता. बाहेरून धडधाकट दिसतात, पण चिडतात, विसरतात. सासूबाई म्हणतात, नाटक करतो.

मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की राग आवरणं, आठवण ठेवणं, कामाचा क्रम लावणं अवघड होतं, आणि माणसाला स्वतःतला बदल कळतोच असं नाही. जखम दिसत नसल्यामुळे दोष स्वभावाला जातो. न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने मानसशास्त्रीय चाचण्या करून घ्या. त्यांचा अहवाल दाखल्यासाठीही लागतो (प्रश्न २) आणि भरपाईसाठीही (प्रश्न ९). घरात आवाज, गर्दी आणि टीव्ही कमी ठेवल्याने चिडचिड कमी होते. वहीत दिवसाची कामं लिहून ठेवा. मारहाण होत असेल तर 'आजारी आहे' म्हणून सोसत राहू नका, स्वतःला आणि मुलांना आधी सुरक्षित करा.

१५. दिव्यांग डब्यात बसलो की लोक म्हणतात, तू तर चांगला चालतोस, उतर. पँटखाली माझा पाय कृत्रिम आहे.

हे बोलणारे कधीकधी स्वतः अपंग असतात, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे, कारण धडधाकट माणसं रोज त्या डब्यात घुसतात. त्यांना रेल्वे कायद्याच्या कलम १५५ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार १३९ वर. तुम्ही यूडीआयडी कार्ड वरच्या खिशात ठेवा आणि विचारलं की दाखवा. पँट वर करून दाखवायची सक्ती कुणी करू शकत नाही. विमानतळावरही कृत्रिम पाय तपासायचाच असेल तर बंद खोलीत तपासा असं म्हणता येतं. २०२१ मध्ये कृत्रिम पाय असलेल्या नर्तिका-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी दर वेळी पाय काढायला लावतात अशी जाहीर तक्रार केली, तेव्हा विमानतळावर सुरक्षा तपासणी करणाऱ्या सीआयएसएफने त्यांची माफी मागितली होती.

१६. गावात एक जण चावडीवर सगळ्यांसमोर 'लंगड्या' म्हणून हाक मारतो. काही करता येतं का?

२०१६ च्या कायद्याचं कलम ९२: अपंग व्यक्तीचा चारचौघांत, अपमान करण्याच्या हेतूने पाणउतारा केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. पोलीस ठाण्यात हे कलम अनेकांना माहीत नसतं, म्हणून त्याची छापील प्रत घेऊन जा. दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करता येते. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा हाक मारणाऱ्याच्या वडीलधाऱ्यांशी बोला आणि दोन साक्षीदारांसमोर समज द्या. तेवढ्याने थांबला नाही तर कलम आहेच. मित्रांच्या थट्टेला मात्र हे लावू नका. तिथे मला आवडत नाही एवढं सांगणं पुरतं, आणि न पुरलं तर तो मित्र नव्हता.

१७. कृत्रिम पाय टोचतो. मी कुबड्यांवर जातो तर घरचे म्हणतात, पाय लावूनच बाहेर पड, लोक काय म्हणतील. काय करू?

आधी तो कशामुळे टोचतो ते बघा. पहिल्या वर्षात उरलेला पाय आकसत जातो, सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी) सैल होतं आणि पाय आत घसरून घासतो. जादा मोजे घालून काही दिवस निघतात, मग नवं माप द्यावं लागतं. कातडी लाल होऊन ती लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही, फोड आला किंवा पाणी सुटलं, तर पाय लावायचाच नाही. मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

माप बरोबर असूनही नको वाटत असेल, तर नका लावू. दोन्ही हात मोकळे हवेत तेव्हा पाय, पावसात निसरड्या अंगणात कुबड्या, लांबच्या बाजारात खुर्ची, असं दिवस बघून बदलणारे पुष्कळ आहेत. घरच्यांना सांगा की हाफ पँट घालूनच उद्या भाजी आणायला जाणार आहे. पहिल्या दिवशी भाजीवाल्या मावशी विचारतील. प्रश्न ४ पाहा.